एकट्या क्लाउनफिशला जोडीदार आणायचाय: लहान आणू की ‘कन्फर्म जोडी’ घेऊ?

खारंपाणी

मुलुंडला आमच्याकडे अडीच फुटी रीफ टँक (प्रवाळांसह खाऱ्या पाण्याचा टँक) आहे. खाली सम्प (फिल्टरची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), वर एलईडी. त्यात एक ऑसेलॅरिस जातीचा क्लाउनफिश (पांढऱ्या पट्ट्यांचा केशरी समुद्री मासा) दोनेक वर्षं एकटाच आहे. सोबत एक फायरफिश, क्लीनर कोळंब्या, थोडे झोआ (फुलांसारखे दिसणारे समुद्री जीव) आणि एक मोठा टोडस्टूल लेदर (मऊ प्रवाळ). क्लाउन आता तीन इंचांच्या आसपास गेलाय, दिवसभर त्या लेदरमध्ये लोळतो आणि काच पुसायला हात घातला की येऊन चावतो.

त्याला सोबत आणायची आहे. कुर्ल्याला चौकशी केली तर तीन दुकानांत तीन मतं मिळाली. पहिला म्हणाला, जुना मासा मला द्या आणि कन्फर्म जोडी घेऊन जा, थोडे पैसे वर लागतील. दुसरा म्हणाला, याच्याच मापाचा आणा, म्हणजे कुणी कुणाला दाबणार नाही. तिसऱ्याचं म्हणणं, आधी अॅनिमोनी (क्लाउन जिच्या बोटांत राहतो तो समुद्री जीव) टाका, मग जोडी आपोआप जमते.

जुना मासा देऊन टाकायची माझी अजिबात तयारी नाही, ते आधीच सांगते. बाकी दोन मतांपैकी कुठलं धरू? आणि हा नर आहे की मादी हे ओळखता येतं का? ज्यांनी घरी जोडी लावली आहे त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज. टँकच्या पाण्याची क्षारता (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, नायट्रेट दहाच्या आत, तापमान एसी असेल तर २६, नसेल तर २९ पर्यंत जातं.

पार्लेकर

ताई, तिन्ही सल्ले बाजूला ठेवा. सर्वांत घातक दुसरा. सारख्या मापाचे दोन मोठे क्लाउन एका अडीच फुटी टँकमध्ये म्हणजे एकाचे पर फाटणार, आणि तो कोपऱ्यात पाण्याच्या वर तोंड काढून उभा राहणार. हे मी दुसऱ्यांच्या टँकमध्ये पुष्कळदा पाहिलंय.

तुमचा मासा तीन इंची आहे ना? मग जास्तीत जास्त सव्वा इंचाचं पिल्लू आणा. फरक नजरेत भरला पाहिजे. एकच आणा. दोन पिल्लं आणली तर त्यातलं एक जोडीत जातं आणि तिसऱ्याला दोघं मिळून मारतात. मोठ्या टँकमध्ये लपायला जागा असते, तुमच्याकडे नाही.

आणल्यावर थेट सोडू नका. आधी वेगळ्या छोट्या टँकमध्ये निदान चार आठवडे ठेवा, त्यावर खाली कुणी लिहीलच. मग भोकं असलेली पारदर्शक डबी मिळते ती आतून काचेला अडकवा आणि पिल्लू तिच्यात ठेवा. मोठा मासा येईल, डबीला धडका देईल, गोल गोल फिरेल. येऊ द्या. काही दिवसांनी धडका कमी होतात आणि तो नुसता शेजारी तरंगायला लागतो. मग संध्याकाळी लाइट बंद झाल्यावर डबी उघडायची. त्याच दिवशी दोन-चार दगड इकडचे तिकडे केलेत तर जुन्या माशाची ‘माझी जागा’ थोडी विस्कटते, त्याचा उपयोग होतो.

पाठलाग होणारच. पाठलाग झाला म्हणून घाबरून लगेच वेगळं करू नका. पिल्लू खातंय का ते बघा. खात असेल आणि शेपूट थोडी कुरतडलेली असेल तरी चालतं. खाणं बंद, श्वास जोरात, दिवसभर पृष्ठभागावर एका कोपऱ्यात, असं दिसलं तर मात्र त्याच क्षणी परत डबीत.

कन्फर्म जोडीबद्दल: दुकानात एका टाकीत दोन मासे मारामारी न करता दिसले की तिला जोडी म्हणतात. लहान मापाचे दोन क्लाउन कुठेही गुण्यागोविंदाने राहतात. अंडी दिलेली जोडी असेल तर विकणारा फरशीवरची अंडी दाखवतो, निदान फोटो तरी. ते नसेल तर जास्तीचे पैसे कशाचे?

सुरमई

मी फक्त ताटातले मासे ओळखते, तरी धागा शेवटपर्यंत वाचणार. लिहीत राहा.

रिफवेडा

पार्लेकरांनी मापाचा आग्रह धरलाय, त्याचं कारण सांगतो, कारण ते कळलं की बाकी सगळं सोपं होतं.

क्लाउनफिशची पिल्लं नर किंवा मादी म्हणून जन्मत नाहीत. गटात जो सर्वांत मोठा आणि वरचढ, तो मादी. त्याच्या खालोखालचा कामाचा नर. उरलेले लहान, प्रजननात भाग न घेणारे. मादी मेली की नर मादी होतो आणि रांगेतला पुढचा नर होतो. हा बदल एकाच दिशेने होतो, मादी पुन्हा नर होत नाही. हान्स आणि सिमोन फ्रिक यांनी १९७७ साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं, आणि खालच्यांना दाबून ठेवण्यात मादीच्या दादागिरीचा वाटा किती आहे तेही दाखवलं. म्हणजे आपल्याला जी मारामारी वाटते ती त्यांच्यात क्रम लावण्याची पद्धत आहे.

पुढे २००३ मध्ये पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीमधल्या पर्क्युला क्लाउनवर (ऑसेलॅरिसच्या जवळची जात) काम केलं. रांगेतला प्रत्येक मासा आपली वाढ अशी आवरतो की वरच्यापेक्षा तो ठरावीक प्रमाणात लहानच राहील. वरच्याच्या मापाला पोचलं की हाकलून दिलं जाण्याची भीती. आता तो दुकानदार सारख्या मापाचा मासा आणा म्हणतो, तेव्हा तो नेमकं उलटं सांगतोय हे लक्षात येईल. सारखं माप म्हणजेच आव्हान.

खारंपाणी, तुमचा मासा दोन वर्षं एकटा आणि तीन इंची आहे. तो मादी झालेला आहे किंवा त्या वाटेवर आहे असं धरून चाला. बाहेरून बघून खात्रीने सांगता येत नाही, पण सांगण्याची गरजही नाही. लहान पिल्लू कुणाच्याही समोर नरच होणार. मात्र दुसरा असाच मोठा, एकटा वाढलेला मासा आणलात तर दोन माद्या समोरासमोर येतील आणि त्यावर उपाय नाही.

आणखी एक बघा. पिल्लूही ऑसेलॅरिसच घ्या. पर्क्युला दिसायला जवळचा असतो, पण काळ्या कडा सहसा जाड असतात, आणि पाठीच्या पराचे काटे मोजले तर ऑसेलॅरिसला बहुधा ११, पर्क्युलाला बहुधा १०. टोमॅटो, क्लार्की किंवा मरून क्लाउन आणायचा विचारही नको. मरून तर स्वतःच्या जातीच्या जोडीदारालाही मारतो.

कांदेपोहे

म्हणजे मुलगी घरचीच, घरजावई हवा, वयाने लहान, उंचीने निम्मा आणि शब्द खाली पडू न देणारा. पत्रिका कोण बघतंय?

पार्लेकर

कांदेपोहे, होकार कसा येतो तेही ऐका. मोठी मासोळी अंगावर आली की लहान मासा आडवा होतो आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला फिट आली असं वाटतं. ती शरणागतीची खूण आहे. ती दिसली की जोडी जमायला लागली असं समजायचं. ती थरथर नसेल, दोघं जबडे एकमेकांत अडकवून खेचत असतील, तर तिथे क्रम लागलेला नाही.

या वेळी टँकजवळ कान नेलात तर टकटक असा आवाजही येतो. दात एकमेकांवर आपटून हे मासे आवाज काढतात. क्लार्की क्लाउनवर त्याचा अभ्यास झालाय.

तिसऱ्या_कालवं

पार्लेकरांनी अॅनिमोनीचा सल्लाही बाजूला का ठेवायला सांगितला? माझ्याकडे बबल टिप जातीची अॅनिमोनी आहे, माझी जोडी तिच्यात राहते, आणि ते दृश्य बघायला मिळतं म्हणून तर आपण एवढा खटाटोप करतो. जोडीदार आल्यावर मादीचा सगळा रोख अॅनिमोनी सांभाळण्याकडे गेला आणि टँकमधली बाकीची भांडणं कमी झाली, हा माझा अनुभव. दोघं तिला खाऊ आणून घालतात. मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जिवाचा) तुकडा तोंडात धरून नेतात आणि तिच्यात ठेवतात. लेदरमध्ये लोळणं ही तडजोड आहे. त्या माशाला जे मुळात हवंय ते देता येत असेल तर द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

चेंबूरची_आत्या

कालवं, तुमच्याकडे जमलंय याचा आनंद आहे. पण मुळात हवंय म्हणाल तर ऑसेलॅरिस समुद्रात बबल टिपमध्ये राहतच नाही. त्याचे यजमान म्हणजे अॅनिमोनीच्या तीनच जाती: मॅग्निफिका, जायजँटिया आणि मेर्टेन्सी. तिन्ही घरात वाढवायला अवघड, आणि मोठ्या झाल्या की अडीच फुटी टँक व्यापून टाकतील. बबल टिप त्यातल्या त्यात तग धरणारी, पण तीही जागा बदलते. उजेड आवडला नाही की निघाली फिरायला. वाटेत वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह तयार करणारा पंप) आला की तिचे तुकडे आणि त्या तुकड्यांनी नासलेलं पाणी. एका रात्रीत सगळा टँक जातो. वेव्हमेकरला स्पंजची जाळी लावल्याशिवाय अॅनिमोनी आणूच नये, आणि टँक वर्षभर तरी मुरलेला असावा.

दुकानातला ‘अॅनिमोनी टाका, जोडी होते’ हा सल्ला मला विशेष खटकतो. जोडी आणि अॅनिमोनी यांचा तसा संबंध नाही. फरशीच्या तुकड्यावर आयुष्यभर अंडी घालणाऱ्या जोड्या आहेत. हॅचऱ्यांमध्ये (माशांच्या पैदास केंद्रांत) तर सहसा अॅनिमोनी ठेवत नाहीत.

आता माझा खरा मुद्दा: तापमान. खारंपाणींनी ‘एसी नसेल तर २९’ असं सहज लिहिलंय. ते मार्चचं असेल. मे महिन्यात बंद घरात पाणी ३१ ला जातं. पंखा लावून बाष्पीभवनाने दोन-तीन अंश खाली आणता येतं, पण जूनच्या अखेरीस हवेत इतका दमटपणा असतो की पंखा नुसता फिरतो, पाणी थंड होत नाही. मुंबईत लोकांची कसोटी मेमध्ये लागते असं म्हणतात, मी म्हणेन पावसाळ्यात आणि मग ऑक्टोबरमध्ये. क्लाउन २९ सहन करेल, अॅनिमोनी आणि प्रवाळ फार दिवस करणार नाहीत. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) महाग आहे, वीज खातो, खोली तापवतो. तरी अॅनिमोनीचा विचार असेल तर आधी चिलर, मग अॅनिमोनी. पंखा वापरत असाल तर उडालेलं पाणी रोज गोड्या आरओ पाण्यानेच भरा. मीठ उडत नाही. खारं पाणी घालत राहिलात तर क्षारता चढत जाते.

आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज गेली तेव्हा ज्यांच्याकडे तो होता त्यांचे मासे निभावले. आपल्याकडे वीज जात नाही या भरवशावर राहू नये.

रिफवेडा

तापमानावरून आठवलं. २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत पापुआ न्यू गिनीच्या किंबे खाडीतल्या पर्क्युला क्लाउनची दर महिन्याला मोजणी केली, तेव्हा बरेच मासे लांबीने चक्क लहान झालेले आढळले. वजन उतरणं वेगळं, इथे लांबीच घटली. जे आखडले ते जास्त जगले, आणि जोडीने आखडले तेव्हा आणखी जास्त. जोडीतलं मापाचं नातं उन्हाळ्यातही सोडत नाहीत बघा. २०२५ मध्ये हे प्रसिद्ध झालंय.

गच्चीवरचा

मध्येच विचारतो. महापालिकेचं पाणी चांगलं असतं म्हणतात, मग मीठ कालवायला थेट नळाचं चालेल का? किंवा जुहूहून समुद्राचं आणलं तर?

चेंबूरची_आत्या

दोन्ही नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट थोडे असले तरी शेवाळाला पुरतात. आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणारी) नळी लावा, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य आले पाहिजेत. घरातला पिण्याचा आरओ पुरत नाही, त्याच्या शेवटी चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. आणि जुहूचं पाणी? नाल्यांचं पाणी कुठे जातं ते पावसाळ्यात वर्सोव्याला उभं राहून बघा.

बंदरावरचा

सगळ्यांची कळकळ दिसते, तरी विरुद्ध मत मांडतो. समुद्री मासा घरात ठेवूच नये असं माझं मत आहे. गोड्या पाण्यातले मासे पिढ्यान् पिढ्या तळ्यांत वाढवलेले असतात. खाऱ्या पाण्यातले बहुतेक थेट समुद्रातून उचललेले. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात सायनाइडचा फवारा मारून मासे पकडत आलेत, त्यात प्रवाळही मरतो. पकडल्यापासून आपल्या काचेत येईपर्यंत किती मरतात ते दुकानात दिसत नाही. वर मुंबईच्या उकाड्यात त्यांना जगवायला आपण चिलर लावणार. एका क्लाउनला करमत नाही म्हणून दुसरा आणायचा, म्हणजे आणखी एका माशाला तीच शिक्षा. ज्यांना समुद्र आवडतो त्यांनी ओहोटीला हाजी अलीच्या किंवा कार्टर रोडच्या खडकांवर जावं. झोआंचे गालिचे तिथे फुकट बघायला मिळतात.

मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं. सरकारला तेवढं एक धडपणे उघडं ठेवता आलं नाही, करोनात बंद झालं ते झालंच. आपल्याला दिवाणखान्यात कसं जमावं?

ऐरोलीकर

बंदरावरचे, तुमच्या मुद्द्यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. समुद्रातून उचललेला मासा घेऊ नये. पण क्लाउनफिश हा असा मासा आहे की ज्याच्यासाठी समुद्राला हात लावायची गरजच उरलेली नाही. शोभेच्या समुद्री माशांत हॅचरीत सर्वांत सहज पैदास होणाऱ्यांपैकी हा एक. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपमला क्लाउनच्या अनेक जातींची पैदास करून तंत्र बसवलं. आमच्या ऐरोलीलाच किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात मँग्रोव्ह फाउंडेशन आणि लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभी केली. किनाऱ्यावरच्या लोकांनी पिल्लं वाढवून विकावीत आणि त्यातून कमाई व्हावी अशी त्यामागची कल्पना.

म्हणून खारंपाणी, दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: हॅचरीचा की समुद्रातला? उत्तर टाळलं तर निघून या. हॅचरीचं पिल्लू ओळखायच्या काही खुणा आहेत. ते काचेजवळ येतं, पेलेट (कोरडं दाणेदार खाणं) खातं, पट्टे कधी कधी अर्धवट किंवा वेडेवाकडे असतात. समुद्रातला बिचकतो आणि पहिले दिवस फक्त जिवंत आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) खातो. स्नोफ्लेक, पिकासो, ब्लॅक आइस हे वेगळ्या रंगांचे क्लाउन सगळे हॅचरीतलेच, पण नुसत्या रंगासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आणि हाजी अलीला जा जरूर, फक्त तिथून काही उचलून आणू नका. दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, समुद्री घोड्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे. कोस्टल रोडच्या कामाआधी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळाच्या १८ वसाहती परवानगी काढून नेव्ही नगरकडे हलवल्या होत्या, त्या त्यामुळेच. दुकानात कुणी दगडी प्रवाळ दाखवत असेल तर कुठून आला हे विचारा.

बंदरावरचा

हॅचरीचा असेल तर माझा विरोध मावळतो, असं नाही म्हणणार, पण बराच बोथट होतो. ऐरोलीची माहिती नवी होती.

मीठभाकर

मी पशुवैद्यक आहे, मासे हा माझा विषय नसला तरी घरी टँक आहे. क्वारंटाइनचं, म्हणजे नवा मासा वेगळा ठेवण्याचं, कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो.

क्लाउनला ब्रुकलिनेला नावाचा परजीवी इतका धरतो की त्याला क्लाउनफिशचाच रोग म्हणतात. अंगावर पांढरट चिकट थर, कातडी सोलल्यासारखी, श्वास जोरात, आणि एक-दोन दिवसांत मासा जातो. पांढरे मिठाच्या कणांसारखे ठिपके म्हणजे इक, त्याला थोडा वेळ मिळतो. सोनेरी पिठासारखी धूळ म्हणजे व्हेल्वेट, त्याला वेळ मिळत नाही. उपचार वेगवेगळे आहेत: ब्रुकलिनेलाला फॉर्मालिन, व्हेल्वेट आणि इकला तांबं. फॉर्मालिन विषारी आहे, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, औषधावर लिहिलंय तेवढंच. आणि तांबं रीफ टँकमध्ये कधीच नाही. कोळंब्या आणि प्रवाळ मरतात, आणि ते दगडात मुरून राहतं.

म्हणून वेगळा टँक. दगड-वाळू नको, एक स्पंज फिल्टर आणि पीव्हीसी पाइपचा तुकडा लपायला. स्पंज आधीपासून सम्पमध्ये ठेवून मुरवा, नाहीतर अमोनिया चढेल. तुमचा मोठा मासा दोन वर्षं निरोगी आहे. त्याच्या जिवाची किंमत म्हणून चार आठवडे थांबा.

खारंपाणी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी दुकानात सांगत नाही.

ठरवलं ते असं: पिल्लू एकच, सव्वा इंचाच्या आत, हॅचरीचं, ऑसेलॅरिसच. अॅनिमोनी नाही. आत्या, तुमच्या जूनच्या मुद्द्याने ते पक्कं झालं. क्वारंटाइनसाठी माळ्यावरचा जुना टँक काढलाय आणि स्पंज सम्पमध्ये टाकलाय. बंदरावरचे, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हॅचरीचं मिळालं नाही तर आणणारच नाही, एवढं नक्की.

कालवं, तुमच्या जोडीचा फोटो टाका ना.

सुरमई

मी विचारते: हे मासे जगतात किती? शेजारणीने गप्पी आणलेत, ते वर्षा-दोन वर्षांत संपतात.

रिफवेडा

सुरमई, क्लाउन घरात वीस वर्षांहून जास्त जगल्याची उदाहरणं आहेत. समुद्रातल्या पर्क्युला माद्यांचं आयुष्य ३० वर्षांपर्यंत असू शकतं असा अंदाज बस्टन आणि गार्सिया यांनी २००७ मध्ये मांडला. एवढ्याशा माशाला हे खूप आहे. जोडी आणणं म्हणजे पुढच्या घर बदलण्याचाही विचार करणं.

निशाचर

उशिरा आलो, पण पुढची पायरी कुणी लिहिली नाही. जोडी जमली की अंडी येतात, आज ना उद्या. मग लोक गडबडतात.

अंड्यांआधी दोघं एखादा सपाट भाग तोंडाने घासून साफ करायला लागतात. तिथे मातीच्या कुंडीचं बशीसारखं झाकण किंवा साधी फरशी टेकवून ठेवा, म्हणजे अंडी दगडाऐवजी तिच्यावर येतात आणि उचलता येतात. अंडी आधी केशरी, मग डोळे दिसू लागतात, शेवटी रुपेरी चमक. नर परांनी वारा घालतो, मेलेली अंडी वेचून खातो. पहिल्या एक-दोन खेपा तो सगळीच खाऊन टाकतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. शिकतो. २७ अंशांना साधारण आठवडाभरात, पाणी गार असेल तर दहा दिवसांपर्यंत, लाइट बंद झाल्यावर पहिल्या तास-दोन तासांत फुटतात.

त्या दिवशी संध्याकाळी फरशी वेगळ्या टँकमध्ये, पाणी त्याच टँकचं, फरशीच्या बाजूने हवेचे बुडबुडे नराच्या परांचं काम करायला. पिल्लं इतकी बारीक असतात की आर्टेमियासुद्धा तोंडात मावत नाही. रोटिफर (सूक्ष्म जलजीव) लागतात, आणि रोटिफर जगवायला नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्म शेवाळाचं हिरवं पाणी. ते आधीच तयार नसेल तर पिल्लं वाचत नाहीत. अंडी दिसल्यावर रोटिफर शोधायला निघणं फार उशिराचं. मुंबईच्या उबेत रोटिफर झपाट्याने वाढतात आणि तितक्याच झपाट्याने कोसळतात, म्हणून दोन बादल्या दोन खोल्यांत ठेवा. आठवडाभराने नुकते फुटलेले आर्टेमिया सुरू करायचे. आठव्या-दहाव्या दिवसापासून पिल्लं तळाकडे येऊ लागतात, मग डोक्यामागचा पहिला पांढरा पट्टा उमटतो. सर्वांत जास्त पिल्लं जातात ती याच दिवसांत. लहान टँकमध्ये अमोनिया मारतो, भूक त्यानंतर. रोज थोडं पाणी बदला, थेंब थेंब सोडून.

एवढं करायचं नसेल तर अंडी टँकमध्येच फुटू द्या. बाकीचे मासे आणि प्रवाळ खातात, त्यात गैर काही नाही. पण एकदा करून बघा असं मी प्रत्येकाला सांगतो. आरपार दिसणाऱ्या त्या काडीएवढ्या पिल्लावर पट्टा उमटताना बघणं, यासाठी मी रात्री जागतो आणि जागत राहणार.

कांदेपोहे

आधी थट्टा केली, आता खरंच विचारतोय. चार आठवडे झाले असतील ना? घरजावई आला का?

खारंपाणी

आला! हॅचरीचं मिळायला वेळ लागला. क्रॉफर्ड मार्केटला एकाने विचारल्या विचारल्या हॅचरीचं नाव आणि पार्सलचा कागद दाखवला, त्याच्याकडून घेतलं. मधला पट्टा एका बाजूने अर्धाच आहे, ऐरोलीकर म्हणाले तस्सा. क्वारंटाइनमध्ये पहिल्या संध्याकाळपासून पेलेट खात होता.

डबीत ठेवला तेव्हा मोठीने (आता मादीच म्हणते) डबीवर इतक्या धडका दिल्या की आमच्या सासूबाई म्हणाल्या, परत देऊन या. पार्लेकरांचं ऐकून थांबले. तिचा जोर उतरल्यावर लाइट बंद करून सोडला. पाठलाग झाला, शेपटीचा एक कोपरा गेला, पण खाणं थांबलं नाही. आणि मग ती थरथर! सासूबाईंनीच आधी पाहिली आणि मला स्वयंपाकघरातून हाक मारली. आता रात्री दोघं लेदरच्या घडीत झोपतात.

एक शंका आहे. दोघं मिळून लोळत असल्यामुळे लेदर अर्धवट मिटलेला असतो, वर मेणासारखा पातळ थर आलाय. हलवू का?

चेंबूरची_आत्या

थर आला तर घाबरू नका, टोडस्टूल अधूनमधून कात टाकतो. वेव्हमेकरचा झोत थोडा तिकडे वळवा, निघून जाईल. दोन आठवड्यांहून जास्त मिटलेला राहिला किंवा बुंधा मऊ, काळपट झाला तर मात्र दाखवा.

पार्लेकर

ताई, उत्तम. आता वर्षभर तरी टँकमध्ये तिसरा क्लाउन नको, कुणी फुकट दिला तरी.

निशाचर

कुंडीचं झाकण लेदरच्या शेजारी आत्ताच टेकवून ठेवा, सवय होऊ द्या. पिल्लू मोठं व्हायला वेळ आहे, घाई नाही. रोटिफरचं स्टार्टर लागेल तेव्हा पंधरा दिवस आधी इथेच लिहा. मी शनिवारी संध्याकाळी दादरला असतो, मध्य रेल्वेच्या पुलावर बाटली देता येईल.